काशावरची सनद, दगडावरचं पाणी

बंगळूरला इब्लूर चौकात सर्जापूर रोड आणि रिंग रोड एकमेकांना छेदतात. पश्चिमेला अगऱ्याचा तलाव आहे, उत्तरेला बेळ्ळंदूरचा. अगऱ्यात इ.स. ८७० च्या सुमाराचा एक शिलालेख मिळाला आहे. भाषा जुनी कन्नड, मजकूर अगदी थोडा. सत्यवाक्य पेर्मानडी हे बिरुद लावणाऱ्या गंग राजाचं राज्य चालू असताना इर्व्वुलियूरच्या ओडेयाचा, म्हणजे गावच्या धन्याचा, मुलगा इरुगमय्या यानं दोन तळ्यांना मोऱ्या बसवल्या, पूर्वेकडचं तळं नव्यानं बांधलं आणि त्याबद्दल तिन्ही तळ्यांच्या भिजणाऱ्या जमिनीतला हक्क मिळवला. इर्व्वुलियूर म्हणजेच आजचं इब्लूर, असं मानलं जातं.

ज्या गावच्या चौकात आज सिग्नलला गाड्यांच्या रांगा लागतात, त्या गावातल्या माणसाचं नाव आणि काम साडेअकराशे वर्षं टिकून राहिलं आहे. इरुगमय्यानं लढाई जिंकली नाही, देऊळ बांधलं नाही. पाणी अडवलं आणि ते सोडायची सोय केली, एवढंच त्याचं कर्तृत्व दगडानं नोंदवलं. मला हा लेख फार मोलाचा वाटतो. तो का मोलाचा आहे हे सांगायला मात्र मला आधी बरंच लांब, पार चीनमध्ये जावं लागेल. राजानं दिलेलं आणि माणसानं मिळवलेलं कायमचं लिहून ठेवायची धडपड तिथं याच्याही सतराशे-अठराशे वर्षं आधी काशाच्या भांड्यांवर झाली. ती भांडी जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत काचेमागं आहेत. अगऱ्याच्या दगडाची जात तीच आहे.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत घरोघरी आहे. कोणी दिलं, कोणाला दिलं, कोणत्या प्रसंगी दिलं, एवढं तांब्या-परातीच्या काठावर येतं. प्राचीन चीनमध्ये शांग राजवटीच्या उत्तरकाळात, इ.स.पूर्व तेराव्या शतकापासून, काशाच्या भांड्यांवर आलं ते एवढंच. कुळाची खूण, नाहीतर ज्या पूर्वजाला नैवेद्य दाखवायचा त्याचं नाव. तीन किंवा चार पायांचं ‘डिंग’ मांस शिजवायला, ‘ग्वेई’ धान्य वाढायला, ‘झुन’ मद्याला, ‘पान’ हात धुतलेलं पाणी धरायला. ही भांडी रोजच्या स्वयंपाकाची नव्हती. पितरांसाठी अन्न-मद्य मांडायची होती आणि सरदार घराण्यांच्या पितृमंदिरांत ठेवलेली असत.

ती करायची पद्धत कष्टाची होती. आधी मातीचा नमुना, त्यावर तुकड्या-तुकड्यांनी घेतलेला मातीचा साचा, आत मातीचा गाभा, आणि दोहोंमधल्या पोकळीत तांबं, कथील आणि शिसं यांचा वितळलेला रस. अक्षरं बहुधा नंतर कोरलेली नसत, रसाबरोबरच ओतली जात. त्यासाठी गाभ्याच्या मातीवर ती उठावदार उलटी तयार करावी लागत, म्हणजे भांड्यात ती सुलटी आणि खोलगट उमटत. भांडं थंड झालं की साचा फोडायचा. म्हणून सहसा एकासारखं दुसरं नाही. आज ती हिरवीगार दिसतात, पण नव्यानं ओतलेलं कासं सोन्यासारखं झळकतं. त्या लखलखीत भांड्याच्या आत, बुडाशी किंवा कडेला, ओळीनं अक्षरं बसलेली असत.

इ.स.पूर्व १०४६ च्या सुमारास झोऊ लोकांनी शांगांना हरवलं आणि लेखांचा पसारा एकदम वाढला. त्या विजयाची साक्ष देणारं एक ‘ग्वेई’ १९७६ साली शान्शी प्रांतात लिंटोंगजवळ सापडलं. लेख जेमतेम ३२ अक्षरांचा. राजा वू यानं शांगांवर चाल केली, तो दिवस साठ दिवसांच्या चक्रातला पहिला होता, वेळ सकाळची होती. आठव्या दिवशी राजानं ली नावाच्या अधिकाऱ्याला धातू बक्षीस दिला आणि त्या धातूतून लीनं आपल्या पूर्वजासाठी हे भांडं करून घेतलं. एका साम्राज्याचा अंत आणि दुसऱ्याचा आरंभ ज्या दिवशी झाला, त्याच्या आठवड्याभरातली ही नोंद आहे. पुढच्या काळात ग्रंथांमधून जी तिथी सांगितली जात होती ती खरी होती, हे या भांड्यानं सिद्ध केलं.

नंतरच्या दोन-अडीचशे वर्षांत हे लेख लांबत गेले. त्यांतला मोठा भाग नेमणुकांचा आहे. त्या नेमणुकीचा सोहळा इतक्या भांड्यांवर वर्णिला आहे, की वाचून वाचून तो डोळ्यांसमोर उभा राहतो. पहाटे राजा दालनात येऊन बसतो, दक्षिणेकडे तोंड करून. ज्याची नेमणूक व्हायची त्याला एखादा वडीलधारा सरदार हाताशी घेऊन दारातून आत आणतो आणि अंगणाच्या मध्यभागी उत्तरेकडे तोंड करून उभा करतो. लेखनिक राजाचा हुकूम मोठ्यानं वाचतो: तुझ्या बापजाद्यांनी आमच्या बापजाद्यांची सेवा केली, आता अमुक काम तू बघ. मग वस्त्रं, कमरेचे पट्टे, रथाचं सामान, निशाण. माणूस जमिनीला डोकं टेकतो, लेखी हुकूम घेऊन बाहेर जातो. घरी जाऊन गेलेल्या वडिलांच्या नावानं भांडं ओततो, त्यात हा सगळा प्रसंग लिहितो, आणि शेवटी अशी इच्छा करतो की मुलानातवंडांनी हे कायम जपावं आणि वापरावं. त्या शेवटच्या ओळीत माणसाची काळजी दिसते. राजा बदलेल, मर्जी बदलेल, सनद हरवेल. कासं राहील.

या लेखांचा कळस म्हणजे शी च्यांग या लेखनिकाचं ‘पान’. १९७६ च्या डिसेंबरात झुआंगबाई गावात शेतजमीन सपाट करताना १०३ भांड्यांचा ठेवा निघाला, त्यात हे होतं. अक्षरं २८४. अर्ध्या भागात वेन, वू, चेंग, कांग, झाओ, मू अशा झोऊ राजांची एकेकाच्या गुणांसह स्तुती. उरलेल्या अर्ध्यात लेखनिकाच्या स्वतःच्या घराण्याच्या पिढ्या. राजाचा वंश आणि आपला वंश त्यानं एकमेकांशेजारी बसवला. इतिहासलेखनाची एवढी जुनी आणि एवढी आखीव नोंद जगात क्वचित सापडेल.

पण मला स्वतःला अधिक ओढ वाटते ती जमिनीच्या लेखांची. तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात ‘सान घराण्याचं पान’ आहे, साडेतीनशे अक्षरांचं. झ नावाच्या राज्यानं सानांवर हल्ला केला होता, त्याची भरपाई म्हणून झकडून सानांना जमीन मिळाली. मग हद्द पायी चालून ठरवली गेली. नदी ओलांडून अमक्या जागी मातीचा उंचवटा, पुढं अमक्या झाडापर्यंत, अमक्या रस्त्याच्या कडेनं, चढणीवर, पुन्हा उतारावर. चालणाऱ्या अधिकाऱ्यांची नावं आहेत, झकडचे १५ आणि सानांचे १०. शेवटी झच्या माणसांनी शपथ घेतली की शब्द मोडला तर दंड भरू. हा मजकूर वाचताना आपल्याकडच्या हद्दीच्या महजरांची आठवण होते. चतुःसीमा, साक्षीदार, शपथ, सगळं तेच.

१९७५ साली चीशान तालुक्यात डोंगजिया गावी ३७ भांडी मिळाली. त्यात च्यू वेई या माणसाची काही आहेत. कातड्यांच्या कामावरचा हा अधिकारी सरदारांच्या तुलनेत लहान, पण हळूहळू जमीन जोडणारा. एका डिंगवर त्यानं खटला लिहून ठेवला आहे. ली नावाच्याच दुसऱ्या एका मोठ्या माणसानं त्याला पाच शेतं द्यायचं कबूल केलं आणि टाळाटाळ केली. त्या लेखात दोन नद्यांच्या कामाचाही उल्लेख येतो. वरिष्ठांपुढं प्रकरण गेलं, लीनं कबुली दिली, शपथ घेतली, आणि अखेर च्यू वेईच्या पदरात चार शेतं पडली. हद्दीला कोणाकोणाची शेतं लागतात तेही नोंदवलं. तीन हजार वर्षांपूर्वी एका माणसानं आपल्या चार शेतांचा निकाल पितरांच्या नैवेद्याच्या भांड्यात ओतून घेतला. जमीन हा विषय कुठल्याही देशात तितकाच गंभीर असतो.

आता अगऱ्याच्या काळात येऊ.

इरुगमय्या मोऱ्या बसवत होता तेव्हा दख्खनची मोठी सत्ता राष्ट्रकूटांची होती, आणि गादीवर अमोघवर्ष होता. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. वेरूळचं कैलास लेणं याच घराण्याचं. दक्षिणेतले गंग त्यांचे मांडलिक, पण वाकून राहणारे नव्हेत. अमोघवर्षाचा सेनापती बंकेश गंगवाडीवर चालून गेला होता. लढाईनं प्रश्न सुटला नाही तेव्हा सोयरीक झाली: अमोघवर्षाची मुलगी चंद्रोबलब्बे गंग राजपुत्र बूतुग याला दिली गेली. त्यांचा मुलगा एरेयप्प पुढं गंगांचा राजा झाला. म्हणजे बंगळूरच्या आसपासच्या गावांची जी सनद पुढं येणार आहे, ती देणारा हा राजा अमोघवर्षाचा नातू.

आपल्याकडेही राजाची सनद धातूवर येत असे, तांब्यावर. अमोघवर्षाचे संजाण ताम्रपट शके ७९३ चे, म्हणजे इ.स. ८७१ चे. अगऱ्याच्या दगडाशी त्यांचं वय जवळजवळ जुळतं. त्या पत्र्यांवर आधी राष्ट्रकूटांच्या राजांची ओळीनं कीर्ती येते, कोणी कोणाला हरवलं, कोणी काय दान दिलं. त्यातच कोल्हापूरच्या महालक्ष्मीची हकीकत आहे: लोकांवरचं संकट टळावं म्हणून अमोघवर्षानं आपल्या डाव्या हाताचं बोट कापून देवीला वाहिलं. एवढा इतिहास सांगून झाल्यावर मूळ कामाची गोष्ट येते, ती अशी की झरिवल्लिका नावाचं गाव चार ब्राह्मणांना दिलं. शी च्यांगच्या पानाची घडण हीच आहे. आधी राजवंश, मग आपला मजकूर. दोन्ही वस्तू घडवणाऱ्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. धातूवर लिहायचं म्हटलं की दरबार आपोआप आधी उभा राहतो.

दगडाचं तसं नाही. दगड गावात असतो आणि गावाचं बोलतो.

अगऱ्याहून होसूर रोड ओलांडून दक्षिणेला गेलं की बेगूर लागतं, गंगांच्या काळातलं बेम्पूर. तिथं नागेश्वराचं, पंचलिंगेश्वराचं देऊळ आहे आणि त्याच्या आवारात नवव्या-दहाव्या शतकांतले दगड आहेत. या भागाचा अधिकारी होता नागत्तर. त्याच्या घराची कथा दोन दगडांनी मिळून सांगितली आहे, आणि ती दुःखाची आहे.

पहिला दगड इ.स. ८९० च्या सुमाराचा. नागत्तराचा मुलगा बुट्टणसेट्टी आणि घरचा सेवक पेर्वोणसेट्टी हे बेंगळूरच्या लढाईत पडले. लेख एवढाच. आर. नरसिंहाचार यांनी तो शोधला आणि १९१५ च्या सुमारास छापून प्रसिद्ध झाला, तेव्हा बंगळूर या नावाचा सगळ्यात जुना उल्लेख हाती लागला. होयसळ राजा वीर बल्लाळ वाट चुकला, एका म्हातारीनं त्याला उकडलेल्या घेवड्याच्या शेंगा दिल्या आणि त्यावरून गावाला नाव पडलं, ही गोष्ट अजून सांगितली जाते. बल्लाळ बाराव्या शतकातला. केंपेगौडाचा किल्ला १५३७ चा. त्यांच्या कितीतरी आधी बेंगळूर हे गाव होतं, आणि ते आपल्याला माहीत झालं ते एका बापाच्या घरच्या दोन मृत्यूंमुळं.

दुसरा दगड मोठा, चित्रांनी भरलेला. तो आता कस्तुरबा रोडवरच्या सरकारी संग्रहालयात आहे. हत्ती, घोडेस्वार, ढाली-तलवारी, पडलेली शरीरं, सगळी गर्दी एकाच शिळेवर. लेख म्हणतो: गंगवाडी ९६,००० वर एरेयप्प राज्य करत असताना त्यानं नोळंब राजा अय्यपदेव याच्या मदतीला, वीरमहेंद्राविरुद्ध लढायला, नागत्तराला सैन्य देऊन पाठवलं. तुंबेपाडी इथं लढाई झाली. आपली बाजू मोडते आहे असं दिसल्यावर नागत्तर हत्तींना भिडला आणि मेला. हे ऐकून एरेयप्पानं इरुग नावाच्या माणसाला नागत्तराचा पट्ट बांधला आणि बेम्पूर भागातली बारा गावं वीराच्या मरणाबद्दलचं इनाम म्हणून दिली. मग गावांची नावं येतात. त्यातलं इग्गलूर आजही चंदापूरजवळ त्याच नावानं आहे.

झोऊ राजाच्या अंगणातली ती नेमणूक आठवा. गेलेल्या माणसाची सेवा, त्याच्या जागी आलेला माणूस, मानाची खूण, जमिनीचं दान, गावांची यादी. एकही कलम सुटलेलं नाही. फरक एवढाच की चिनी लेखात नेमणूक झालेला माणूस बोलतो, स्वतःच्या घरच्या भांड्यात, स्वतःच्या पितरांशी. बेगूरच्या शिळेवर पहिली जागा मेलेल्या माणसाची आहे. त्याचं चित्र, त्याची लढाई, त्याचं मरण. राजाचं दान त्याच्या मागून येतं.

याहून मोठा फरक वाचणाऱ्याचा आहे, आणि या लेखात मला सांगायचं आहे ते इथंच. काशाचे लेख बहुधा भांड्याच्या आत असतात. डिंग मांसानं भरलं, पान पाण्यानं भरलं की अक्षरं झाकली जात. ती पितरांनी वाचावी आणि घरच्या वंशजांनी जपावी अशी सोय होती. शेतावर राबणाऱ्याला, धातू वितळवणाऱ्याला, हद्दीवर मातीचे उंचवटे रचणाऱ्याला त्या भांड्यापर्यंत पोचता येत नव्हतं. त्यांची नावंही त्यात नाहीत. ताम्रपटही घरात जपून ठेवायची वस्तू, वाद झाला तर काढून दाखवायची. अगऱ्याचा आणि बेगूरचा दगड उघड्यावर उभा करायचा होता. येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावा, ज्याला अक्षर येतं त्यानं वाचून दाखवावा, ज्याला येत नाही त्यानं चित्र बघून समजावं. तळं कोणाचं, हक्क कोणाचा, हे सगळ्या गावाला ठाऊक असलं तरच तो हक्क चालतो. इरुगमय्याचा लेख म्हणजे सार्वजनिक नोंदवही होती. म्हणून राजदरबाराच्या वैभवापुढं त्याला कमी लेखू नये, उलट माणसांच्या इतिहासासाठी तो जास्त उपयोगाचा आहे असं माझं ठाम मत आहे.

चीनमध्येही पाण्याची नोंद काशावर आली, च्यू वेईच्या डिंगवर ओझरती आणि दुसरीकडं दंतकथेच्या रूपात. बीजिंगच्या पोली संग्रहालयानं २००२ साली मिळवलेल्या एका भांड्यावर ९८ अक्षरं आहेत. आकाशानं यू राजाला आज्ञा केली, त्यानं डोंगर फोडून नद्यांना वाट दिली, आणि त्यातून राज्यकर्त्याचा धर्म काय, याचा उपदेश. महापूर आवरणाऱ्या यूची ती सगळ्यात जुनी लेखी नोंद. देवाच्या आज्ञेनं नद्या वळवणारा राजा एकीकडे, दोन तळ्यांना मोऱ्या बसवणारा गावच्या धन्याचा मुलगा दुसरीकडे. दुसऱ्याचं काम मला जास्त समजतं. बांध घालणं सोपं. पाणी हवं तेव्हा, हवं तेवढं सोडता येणं हे कसब. मोरी चुकली तर बांध फुटतो, खालची शेतं वाहून जातात. भंडारा-गोंदियाकडं कोहळी लोकांनी बांधलेले माजी मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे सांगायला नको. तळं बांधणाऱ्याला भिजणाऱ्या जमिनीत वाटा देण्यामागं हिशेबही होता. ज्याचं पोट त्या पाण्यावर, तो गाळ काढत राहील.

बंगळूरला बारमाही नदी नाही. इथली तळी साखळीनं बांधलेली आहेत, वरचं भरलं की जादा पाणी कालव्यानं खालच्याला. अगऱ्याचं पाणी बेळ्ळंदूरला, तिथून वर्तूरला, आणि पुढं दक्षिण पिनाकिनीत. ही साखळी सर्जापूर रोडच्या कडेनंच जाते. एचएसआर लेआउट हे नाव होसूर-सर्जापूर रोडवरूनच पडलं. साखळीच्या वाटेवर घरं, कंपन्या, रस्ते आले. बेळ्ळंदूरच्या पाण्यावर फेस चढला आणि २०१५ नंतर त्याला अनेकदा आगी लागल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये पाऊस असा कोसळला की सर्जापूर रोडवरच्या वसाहतींतून लोकांना बोटींनी आणि ट्रॅक्टरनं बाहेर काढावं लागलं. बंगल्यांच्या आवारात गाड्या बुडाल्या. पाणी आपल्या जुन्या वाटेनं निघालं होतं, वाट बंद होती. इरुगमय्याला जे ठाऊक होतं ते या भागाचे नकाशे काढणाऱ्यांनी डोळ्यांआड केलं, असं मी म्हणेन.

वस्तू टिकायचं म्हटलं तर नशीबही लागतं. इ.स.पूर्व ७७१ मध्ये पश्चिमेकडून हल्ला झाला, झोऊ राजा योऊ मारला गेला, दरबार पूर्वेला लुओयांगकडं सरकला. पळताना सरदार घराण्यांनी आपली पितृभांडी खड्ड्यांत पुरली, परत येऊ या आशेनं. ते परत आले नाहीत. म्हणून झुआंगबाईचा ठेवा अडीच हजारांहून अधिक वर्षं जागेवर राहिला. पण सगळ्यांना अशी सुरक्षा मिळाली नाही. बाओजी इथं १९६३ साली एका शेतकऱ्याला मिळालेलं ‘हे झुन’ भंगारात गेलं होतं. १९६५ मध्ये संग्रहालयाच्या माणसाच्या नजरेस पडलं म्हणून वाचलं. पुढं दहा वर्षं त्यात लेख आहे हेच कोणाला कळलं नाही. १९७५ मध्ये मा चेंगयुआन यांनी ते साफ करायला घेतलं तेव्हा बुडाशी १२२ अक्षरं निघाली, आणि त्यात ‘झोंग ग्वो’, म्हणजे चीन देशाचं आजचं नाव, सगळ्यात आधीचं लिहिलेलं सापडलं. देशाचं नाव भंगाराच्या ढिगातून आलं, शहराचं नाव बेगूरच्या देवळातल्या दगडावरून.

बंगळूरच्या दगडांची तीच कथा आहे. हेब्बाळचा किट्टय्याचा वीरगळ इ.स. ७५० च्या सुमाराचा, शहरातल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. २०१८ साली गटाराच्या कामात तो उखडला जाऊन नष्ट व्हायच्या बेतात होता. गावकरी आणि इतिहासप्रेमी धावले, दगड वाचला, पुढं त्यावर मंडपही उभा राहिला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बी. एल. राइस यांनी सुमारे ९,००० लेखांची नोंद केली होती. राइस १८३७ साली बंगळूरमध्येच जन्मले. ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चा नववा खंड, बंगळूर जिल्ह्याचा, १९०५ साली छापला गेला, त्यात अगऱ्याचा दगडही आहे. ओला कागद अक्षरांवर दाबून शाईचा ठसा घ्यायचा, ही चिनी विद्वानांची शेकडो वर्षांची पद्धत, तीच इथंही वापरली गेली. सुंग काळात, १०९२ साली, लू दालिन यानं जुन्या भांड्यांचा सचित्र ग्रंथ तयार केला होता. तिकडं काशाचे ठसे गोळा करणं हा विद्वानांचा छंद होऊन गेला. आपल्याकडं हे काम सरकारी खात्यातल्या थोड्या माणसांवर राहिलं, ही आपली उणीव.

१९०९ साली स्थापन झालेली बंगळूरची मिथिक सोसायटी आता शहरातल्या लेखांचे त्रिमिती स्कॅन करते आहे. पी. एल. उदयकुमार यांनी ते काम चालवलं आहे. राइसनी नोंदवलेले किती दगड आज जागेवर आहेत ते शोधायचं, जे आहेत ते स्कॅन करायचे, म्हणजे उद्या दगड गेला तरी अक्षर राहील. नव्यानंही दगड सापडत आहेत, कधी शेताच्या बांधावर, कधी गटाराच्या कडेला.

मराठी माणसाचं या शहराशी नातं आयटी कंपन्यांपासून सुरू झालेलं नाही. आदिलशाही फौजेनं १६३८ मध्ये बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांची जहागीर झालं. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराला गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख शहाजीपुत्र व्यंकोजीराजांचा आहे. तोही याच ओळीतला, सत्तेनं दिलेलं दगडावर नोंदवून ठेवण्याच्या. आपल्याकडं अलिबागजवळचा अक्षीचा शिलालेख, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक, कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला पडून होता. त्यामुळं दुर्लक्षाचा दोष कुठल्या एका प्रांताला देता येत नाही.

सर्जापूर रोड, बेळ्ळंदूर, एचएसआर या भागात आज हजारो मराठी घरं आहेत. गणेशोत्सव होतात, दिवाळी अंक येतात. माझं त्यांना सांगणं एवढंच आहे. एका रविवारी मुलांना घेऊन बेगूरला जा, आणि कस्तुरबा रोडच्या संग्रहालयात नागत्तराची शिळा बघा. कन्नड वाचता येत नसेल तर शेजाऱ्याला बरोबर घ्या; ती लिपी जुनी आहे, त्यालाही लागणार नाही, पण चित्र दोघांनाही कळेल. वाटेत कुठं अक्षरांचा दगड दिसला तर त्यावर तेलरंग लावू देऊ नका, अक्षरांत खडू भरू नका, जागेवरून हलवू नका. फोटो काढा, ठिकाण टिपून घ्या आणि मिथिक सोसायटीला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. आपल्या सोसायटीच्या आवारातून जुन्या तळ्याचा कालवा जात असेल, तर तो बुजवायच्या ठरावाला सही करू नका.